पानाची पांढरी बाजू

१६ फेब्रुवारी २०२५

ही वही शर्वरीच्या कॉलेजची आहे. पुढची वीस-पंचवीस पानं तिच्या अकाउंट्सने भरलेली, मागची कोरी. ती मी झाडांसाठी घेतली. पाणी कधी घातलं, खत कधी घातलं, एवढंच लिहिणार. मनातलं वगैरे लिहायची मला सवय नाही.

पहाडातल्या भोवालीच्या नर्सरीतून रास्पबेरीची पाच रोपं आणली. गाडीत मी पुढे बसले आणि पाचही मांडीवर. हे म्हणाले, "लखनौच्या उन्हात ही पहाडी झाडं? मे महिन्यात इथे माणसं टिकत नाहीत." एअर फोर्समधून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण कुठल्याही गोष्टीला आधी नापास करायची सवय गेली नाही. मी म्हटलं, कराडहून येऊन मी इथे सत्तावीस वर्षं टिकलेच ना.

मला फळांपेक्षा पानं हवी आहेत. मोबाइलवर वाचलं की पानांचा चहा बायकांना चांगला, पाळीच्या दुखण्याला, घशाला. शर्वरी दर महिन्याला दोन दिवस पांघरूण घेऊन पडते. तिला सांगितलं तर म्हणाली, "हाँ आई, पी लूँगी, बस वीडियो मत भेजना."

पान वरून हिरवं, खालून पांढरं. चुना फासल्यासारखं. नर्सरीवाला म्हणाला, मॅडम, पहचान यही है.

२ मार्च

पाचही लागली. एका कुंडीत मुळातून नवा फुटवा आला आहे.

तळमजल्यावरच्या मधुमतीताई गच्चीवर पापड घालायला आल्या होत्या, त्यांनी बघितलं. म्हणाल्या, "मला देशील एखादा?" बाळकृष्ण भाऊजी जाऊन चार वर्षं झाली, मुलगा श्रीपाद पुण्यात, इथे एकट्याच असतात. नाही म्हणवेना. पण चांगला फुटवा द्यायला जीवही होईना. दुसऱ्या कुंडीत एक मरतुकडा कोंब होता, तो काढून तुपाच्या रिकाम्या डब्यात लावून दिला. त्यांच्या मागच्या बाल्कनीत कधी ऊन येत नाही. जगणार नाही, पण मन कशाला मोडा.

१३ एप्रिल

आज माझ्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू. बावीस बायका. चार फळं धरली होती, चारच. बशीत सुरीने चिरून सगळ्यांना दाण्याएवढी दाण्याएवढी दिली. पानांचा चहा केला. इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी हेमा म्हणाली, "विनीताताई, लखनौत रास्पबेरी. तुमच्या हाताला काहीतरी आहे." सगळ्या गच्चीवर जाऊन फोटो काढून आल्या. इतकं कौतुक माझं लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

ताईंना बोलावलं नाही. म्हणजे मी बोलावणारच होते. पण हेमा म्हणाली, जुन्या बायकांना अवघड होतं आणि मग त्यांनाही अवघड होईल. खरंच आहे. मी तसलं काही मानत नाही, पण चारचौघींत कोणी काही बोललं तर उगाच त्यांनाच वाईट वाटायचं. उद्या आंब्याची डाळ डब्यातून पाठवीन.

१५ एप्रिल

ताईंनी डबा परत दिला. रिकामा नाही, खडीसाखर घालून. स्वतःला मधुमेह, घरात साखरेचा दाणा ठेवत नाहीत, म्हणजे मुद्दाम आणली असणार. पाणी दोन वेळा घातलं.

८ जून

पाचही गेली.

गेला आठवडाभर चव्वेचाळीस, पंचेचाळीस. हिरवी नेट बांधली, कुंड्यांना ओलं पोतं गुंडाळलं, सकाळ-संध्याकाळ पाणी. बुधवारी पानांच्या कडा तांबूस झाल्या, शुक्रवारी हात लावला तर पापडासारख्या मोडल्या. आज खोड नखाने खरवडून बघितलं, आतून सुकं काष्ठ. हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

लिफ्टमध्ये ताई भेटल्या. "तुझी कशी आहेत गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "जोरात आहेत." का म्हटलं, देव जाणे. तोंडातून निघून गेलं. ताई "माझं तर" म्हणाल्या आणि थांबल्या. मग "बरं झालं" म्हणाल्या. त्यांचं कधीच मेलं असणार, मला सांगायला संकोच वाटला असेल. मला मात्र हायसं वाटलं, की निदान त्यांच्यापुढे मान खाली घालायला लागली नाही.

कुंड्या पाण्याच्या टाकीमागे ठेवल्या. तिकडे कोणी जात नाही.

३ सप्टेंबर

आज मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर हेमाने माइक घेतला आणि जाहीर करून टाकलं, की यंदा संक्रांतीचं वाण म्हणजे विनीताताईंच्या घरच्या रास्पबेरीची पानं, प्रत्येकीला एक पुडी. टाळ्या. मी उठून उभी राहिले आणि हात जोडले. हात जोडले म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. माइक समोर होता. एवढंच म्हणायचं होतं, अगं, झाडं जूनमध्येच गेली. त्यात काय लाज? झाडंच ती. पण जूनपासून जी जी विचारेल तिला मी "छान आहेत" सांगत आले आहे. आता एकीला खरं सांगितलं तर तीन महिने खोटं बोलले हेही सांगावं लागेल.

निघताना ताईंनी बाजूला घेतलं. "पानं कमी पडली तर मला सांग हं." त्यांच्याकडे कुठून येणार पानं? मला तो टोमणाच वाटला. रस्ताभर ई-रिक्षात मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

२६ ऑक्टोबर

हे लिहू की नको, असं दोन दिवस चाललंय.

ऑनलाइन रास्पबेरीची सुकी पानं मिळतात. मागवायला घेतली, मग वाटलं, विकतची आणून घरची म्हणून देणं म्हणजे निव्वळ फसवणूक. ते मला जमणार नाही. आणि मग काय केलं? आपल्या सोसायटीत जनरेटरच्या मागे तुतीचं मोठं झाड आहे. इथले लोक शहतूत म्हणतात. परवा दुपारी, सगळे जेवून पडले असताना, दोन पिशव्या भरून पानं तोडली. गच्चीवर जुन्या चादरीवर पसरली आहेत.

तुतीचं फळ रास्पबेरीसारखंच दिसतं. पानालाही तशीच दातेरी कड. तुती लोक खातातच की, पानं शेळ्या खातात, रेशमाचे किडे तर दुसरं काही खातच नाहीत. विषारी थोडीच आहे. आणि विकतची तर नाहीत, आपल्या अंगणातलीच आहेत. असं मी स्वतःला सांगत होते आणि हात चालू होते. फक्त खालची बाजू पांढरी नाही, ती हिरवीच. म्हणून चुरा करायचा. चुऱ्यात काय कळतंय.

शिडीवर असताना हे गॅलरीत उभे होते. बघितलं की नाही, कळलं नाही.

९ नोव्हेंबर

आठ दिवस मी स्वतः प्यायले. काही झालं नाही. ह्यांनाही दिला, न सांगता. पहिल्या दिवशी म्हणाले, "चव निराळी लागते." मी म्हटलं, सुकल्यावर बदलते. म्हणाले, "असेल." आणि रोज कप संपवून, धुऊन पालथा घालतात. लग्नाला तीस वर्षं झाली, स्वतःचा कप ह्यांनी कधी धुतल्याचं आठवत नाही. शर्वरीला मात्र नाही दिला. का नाही दिला, ते मला माहीत आहे, आणि ते लिहिताना लाज वाटते.

अमीनाबादच्या बाजारातून पिवळ्या सुती कापडाच्या पुड्या आणल्या, नाडीवाल्या. छान दिसतात.

१९ जानेवारी २०२६

काल हळदीकुंकू झालं. अडतीस पुड्या वाटल्या. वर "घरची रास्पबेरी" अशी चिठ्ठी, शर्वरीच्या सुंदर अक्षरात. तिला काय माहीत. कौतुक पुन्हा झालं, पण या वेळी अंगाला लागलं नाही. प्रत्येकीच्या ओटीत पुडी घालताना मी तिच्या तोंडाकडे न बघता पुडीकडे बघत होते.

ताईंना याही वेळी बोलावणं गेलं नाही. मंडळाचा कार्यक्रम, मी एकटी काय ठरवणार? म्हणून आज मुद्दाम त्यांच्याकडे गेले. इतरांना एक, त्यांना दोन पुड्या. आत बोलवत होत्या, पण कुकर लावून आले होते, दारातच दिल्या. सांगितलं, "दिवसातून दोनदा घ्या ताई, जेवणाआधी, साखर न घालता. तुम्हाला फार चांगलं." त्यांनी पुडीची नाडी सोडली, चिमूटभर चुरा तळहातावर घेतला, वास घेतला. बराच वेळ हाताकडे बघत राहिल्या. मग दोन्ही पुड्या कपाळाला लावल्या. म्हणाल्या, "वाण आहे ना हे?" मी म्हटलं, "हो तर." त्यांचे डोळे भरून आले होते. म्हातारपणी माणूस हळवं होतं.

मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर पानांचं विसरलेच मी तेवढ्यापुरतं.

३ फेब्रुवारी

सकाळी साडेनऊला ताईंकडची कामवाली वर धावत आली. ताई स्वयंपाकघरात पडल्या होत्या. घामाने भिजलेल्या, डोळे उघडे पण ओळख नाही. ह्यांनी आणि वॉचमनने उचलून गाडीत घातलं. हॉस्पिटलमध्ये शुगर बघितली, अठ्ठेचाळीस. सुई लावल्यावर अर्ध्या तासाने शुद्धीवर आल्या.

तरुण डॉक्टर होता. विचारलं, "अम्माजी, कोई नई दवा? कोई देसी दवा, काढ़ा, चूरन?" मी पलंगाच्या पायाशी उभी होते.  ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नहीं बेटा, कुछ नहीं. गोली खाई, नाश्ता करने में देर हो गई."

विसरल्या बहुतेक. गुंगीत होत्या.

मीही काही बोलले नाही.

४ फेब्रुवारी

मोबाइलवर बघितलं. तुतीच्या पानांनी जेवणानंतरची साखर कमी होते असं लिहिलंय, मधुमेहाची औषधं चालू असतील तर जपून घ्या असं लिहिलंय. एकाच नाही, चार ठिकाणी. मी हे ऑक्टोबरमध्ये का नाही बघितलं? रास्पबेरीच्या पानांवर मी दोन महिने वाचत होते. जे वाटायचं त्याबद्दल एक ओळ वाचली नाही, कारण मला ते माहीतच करून घ्यायचं नव्हतं.

ग्रुपवर मेसेज टाकला. "मैत्रिणींनो, पानांना दमट हवा लागली आहे असं वाटतं, कृपया वापरू नयेत." हेमाने लगेच विचारलं, "माझी तर कोरडी ठक्क आहेत?" मी फोन पालथा ठेवला. एक खोटं झाकायला दुसरं, आणि तेही कृपया लावून.

७ फेब्रुवारी

श्रीपाद पुण्याहून आला. ताईंच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. तो हॉस्पिटलमध्ये असताना मी त्यांच्या घरी गेले, दूध फ्रीजमध्ये ठेवायच्या निमित्ताने. पुड्या देवघरात होत्या. स्वयंपाकघरात नाही, देवघरात, भाऊजींच्या फोटोच्या खाली. एक संपत आलेली, एक बांधलेली. दोन्ही पर्समध्ये टाकल्या आणि घरी येऊन संडासात ओतल्या.

चोरी केली मी. ५७व्या वर्षी, देवघरातून. देवाला नमस्कारही केला नाही, हिंमत झाली नाही.

९ फेब्रुवारी

ताई घरी आल्या. मी मऊ भात घेऊन गेले. श्रीपाद माझ्याशी फार चांगलं वागतो, काकू काकू करतो, त्यानेच जास्त मेल्यासारखं होतं. म्हणाला, "काकू, तुम्ही नसता तर आई गेली असती. पण आता एकटं ठेवायचं नाही. सोळाला पॅकर्स येतील, अठराला आम्ही निघतो. फ्लॅट विकायला काढतो."

ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "एकतीस वर्षं राहिले मी या गावात. एकदा पडले म्हणून पोतं उचलल्यासारखं न्यायचं?" तो म्हणाला, "आई, कशाने झालं ते डॉक्टरलाही नीट सांगता येत नाही. कारण कळलं असतं तर गोष्ट वेगळी. उद्या परत झालं तर?"

कारण त्याच्यासमोर ताटली घेऊन बसलं होतं.

तो फोन घ्यायला बाहेर गेल्यावर ताईंनी विचारलं, "विनीता, देवघरातलं माझं वाण कुठे गेलं गं?" मी म्हटलं, "मुंग्या लागल्या होत्या ताई, मी टाकलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आपण मुलाला गणित घालतो आणि तो पाटीवर काय लिहितो याची वाट बघतो, तसं. मग म्हणाल्या, "बरं."

१२ फेब्रुवारी

सांगेन, उद्या सांगेन, असं रोज. आज हजरतगंजला ताईंसाठी शाल आणायला गेले. निरोपाची भेट. दुकानदाराने तीन शाली उलगडल्या आणि मला एकदम लक्षात आलं की मी काय करते आहे. मी त्यांना पाठवून द्यायची तयारी करते आहे. त्या पुण्याला गेल्या की कोणी कधी विचारणार नाही, हे माझ्या मनात आहे, आणि बऱ्याच दिवसांपासून आहे. शाल न घेता परत आले.

ह्यांना जेवताना म्हटलं, "ताई गेल्या तर बरं होईल त्यांना, लेकाजवळ." हे भाजी वाढून घेत म्हणाले, "शिडी मी जागेवर ठेवली होती ऑक्टोबरमध्ये. तू तशीच विसरली होतीस झाडाखाली."

 म्हणजे तो चहाही माहीत असून प्यायले. मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?" म्हणाले, "मला वाटलं तू थांबशील. तिथे चुकलंच माझं."

शर्वरी एकदा माझ्याकडे, एकदा ह्यांच्याकडे बघत होती. "क्या हुआ? कोई बताएगा?" मी तिला सगळं सांगितलं. ती ताट बाजूला सारून उठली. मग मराठीत म्हणाली, "चिठ्ठ्या माझ्या हाताने लिहून घेतल्यास, आई." ती मराठीत बोलली म्हणून जास्त लागलं.

१६ फेब्रुवारी

सांगितलं.

सकाळी गेले तेव्हा पॅकर्सची दोन माणसं खोके उघडत होती. श्रीपाद भांडी कागदात गुंडाळत होता. ताई खुर्चीत. मी बसलेच नाही, बसले असते तर परत उठले असते. म्हटलं, "श्रीपाद, आईंना मी दिलेल्या चुऱ्याने झालं. रास्पबेरी नव्हती ती. तुतीची पानं होती, त्यांनी साखर उतरते. मला नंतर कळलं."

त्याने पातेलं खाली ठेवलं. "नंतर म्हणजे कधी?"

"चार तारखेला."

"आज सोळा आहे, काकू."

"हो."

"डॉक्टरने तुमच्यासमोर विचारलं होतं. मी आईचं घर मोडतोय हे तुम्ही रोज बघत होता."

"हो."

"का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, "लाज वाटली." एवढ्या मोठ्या गोष्टीला इतकं लहान कारण. त्याला आणखी काही तरी हवं होतं, तो वाट बघत होता, पण माझ्याकडे दुसरं नव्हतंच. पॅकर्सचा माणूस म्हणाला, "साहब, किचन शुरू करें?" श्रीपाद म्हणाला, "रुको."

त्याने त्याच पावली मला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. मी डॉक्टरला हिंदीत सगळं परत सांगितलं, किती, कधी, जेवणाआधी की नंतर. तो म्हणाला, गोळी, त्यात हे, आणि नाश्ता नाही, तिन्ही मिळून होऊ शकतं, नक्की कोणी सांगणार नाही. पंधरा दिवस शुगर रोज तपासा. येताना श्रीपादने दुकानातून शुगर तपासायचं यंत्र घेतलं. सोसायटीच्या गेटशी म्हणाला, "तुमच्यावर मी आईला सोडून निश्चिंत होतो." होतो, म्हणाला.

घरी येऊन ग्रुपवर खरं लिहिलं, झाडं जूनमध्ये मेली इथपासून. एकीचंही उत्तर नाही. निळ्या खुणा मात्र एकेक करून अडतीस झाल्या.

४ मार्च

पंधरा दिवसांत शुगर एकदाही खाली गेली नाही. श्रीपाद काल एकटाच गेला. ताई राहिल्या. खोके परत उघडायला शर्वरी गेली होती, मी नाही.

आज ताईंनी निरोप पाठवला, जरा खाली ये म्हणून. गेले. त्यांनी मला मागच्या बाल्कनीत नेलं. कूलरच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे त्याचं गार पाणी ठिबकत असतं, तिथे तुपाचा डबा होता. माझा. त्यात माझ्या कमरेइतकं झाड, जुन्या साडीच्या काठाने बांबूला बांधलेलं. मी एक पान उलटून बघितलं. पांढरं.

"तू दिलेलं," ताई म्हणाल्या. "जूनमध्ये दाखवणार होते. तू म्हणालीस तुझी जोरात आहेत. गच्चीवर तुझी वाळलेली झाडं मी पापड घालताना आधीच बघितली होती. म्हटलं, आता माझं जगलंय सांगितलं तर तुला लागेल."

म्हणजे पानं कमी पडली तर सांग, म्हणाल्या होत्या, ते खरंच होतं.

मी विचारलं, "मग पुडी उघडल्यावर तुम्हाला..."

"तेव्हाच कळलं. ह्याचा चुरा पांढुरका होतो, लोकरीसारखा हाताला लागतो. तुझा हिरवागार."

"मग प्यायलात का ताई? डॉक्टरला का नाही सांगितलंत?"

"प्यायले, कारण वाण होतं. हे गेल्यापासून कोणी दिलं नव्हतं मला. कशाचं आहे याच्याशी मला काय करायचं होतं? साधा पाला आहे, वाटलं, त्याने काय होतंय. तिथे चुकले. आणि डॉक्टरला तू सांगशील वाटलं."

मी पाया पडायला वाकले, म्हटलं, "ताई, पानांबद्दल मला माफ करा."

त्यांनी मला उठवलं. "पानांचं झालं गं. पानांचं मी धरूनच बसले नाही." मग डब्यातलं एक वाळकं पान खुडत म्हणाल्या, "पण विनीता, दारात का दिलंस? मी आत ये म्हणत होते. अडतीस जणींना सतरंजीवर बसवून दिलंस, मला दारात का?"

कुकर लावला होता, असं माझ्या तोंडाशी आलं. त्या दिवशी कुकर लावला नव्हता. जानेवारीत या वहीतसुद्धा मी तसंच लिहून ठेवलंय, आत्ता मागे जाऊन बघितलं. स्वतःच्या वहीत, जी कोणी वाचणार नाही. हेमाचं नाव पुढे केलं, जुन्या बायकांचं केलं. आत गेले असते तर हळदीकुंकू लावायचं की नाही हे ठरवावं लागलं असतं. म्हणून दारात.

ताईंना येते एवढंच म्हटलं. वर निघून आले.

२१ मार्च

चैत्रातली तीज. हळदीकुंकू या वर्षी माझ्याकडे करणार, हे मी ग्रुपवर टाकलं. हेमाने फोन करून विचारलं, मधुमतीताईंचं काय ठरवलंय? मी म्हटलं, पहिलं बोलावणं त्यांना. ती म्हणाली, काही जणी येणार नाहीत. मी म्हटलं, तशाही काही जणी माझ्याकडे आता येणार नाहीतच.

मला यात मोठं काही केल्यासारखं वाटत नाही. हे पाच वर्षांपूर्वी करायचं होतं, तेव्हा काहीच अवघड नव्हतं.

सकाळी आंघोळ करून हळदीकुंकवाचा करंडा घेऊन खाली गेले. बेल वाजवली. ताई कणकेच्या हाताने आल्या, दार उघडलं. करंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी काय बोलायचं ते जिन्यात पाठ करून आले होते, त्यातलं एक अक्षर आठवेना. उभ्या उभ्या झाकण उघडायला लागले, तर हिसका बसून हळद उंबऱ्यावर सांडली.

ताई बाजूला सरकल्या.

"दारात नको," म्हणाल्या. "आत ये."